चालणाऱ्या माणसाचं कुत्रं

७ जानेवारी २०२४, सातारा

ही डायरी प्रांजलनं दिली. पप्पा, रोजची साखर किती, काय खाल्लं, किती चाललात, सगळं लिहून ठेवा, म्हणाली. मी काय माझ्याच तब्येतीचा तलाठी आहे? मनाला येईल ते लिहिणार. लेक सांगलीत, मी साताऱ्यात. ती काही येऊन तपासणार नाही.

पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत तीस वर्षं पीटी मास्तर होतो. पहाटेच्या थंडीत शंभर पोरं पुढं पळवायची आणि आपण शिट्टी फुंकत मागून पळायचं, यातच सगळी नोकरी सरली. मागच्या वर्षी निवृत्त झालो, शाळेचं क्वार्टर सोडलं आणि इथं तिसऱ्या मजल्यावर येऊन बसलो. आल्या आल्या साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर घ्या आणि रोज चाला. मला, अर्जुना सरांना, चालायला सांगत होता तो पोरगा. मला हसूच आलं.

खरं लिहायचं तर मी चालत नाही. रोज सकाळी बूट घालून खाली उतरतो आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर पेपर वाचत बसतो. घरी येताना जिने भराभर चढतो, म्हणजे दम लागल्यासारखा दिसतो. बायकोला, राणीला, यातलं काही कळत नाही. फक्त ती हल्ली सकाळी नाष्ट्याला किती पोहे देऊ असं न विचारता वाटीभरच देते.

एकट्यानं चालण्यात मन लागत नाही, एवढंच आहे. तब्येतीला काही झालेलं नाही. पाय जरा जड वाटतात, पायाखाली गोधडी अंथरल्यासारखं वाटतं. या फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीनं पायांची सवय बिघडली असणार.

१४ जानेवारी

ठरलं. कुत्रं पाळायचं. पुढं पळणारं कुणीतरी असलं की मागं पळणं मला येतं.

राणीला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्याचं कोण करनार?”

“मी.”

“आदी सोताचं करा तुमी.”

बायको म्हणून तिला बोलायचा हक्क आहे, पण दर वेळी वापरलाच पाहिजे असं नाही. संध्याकाळी प्रांजलला फोन केला. ती म्हणाली, “घ्या की पप्पा, पण तुमच्या सवयीला झेपेल असं घ्या. एखादं पग, नाहीतर वय झालेलं शांत लॅब्रेडॉर. जास्त पळवावं लागणार नाही असं.” वय झालेलं, शांत, न पळणारं. लेकीनं बापाचं वर्णन केलं आणि तिचं तिलाही कळलं नाही.

आमच्या खाली तळमजल्यावर राजवर्धन म्हणून एक बिल्डर राहतो. त्याच्याकडं हस्की आहे. बर्फातलं कुत्रं साताऱ्यात आणलं, आता ते दिवसभर एसीच्या खोलीत जीभ काढून पडलेलं असतं. लोक फोटो काढायला येतात. घराला फर्निचर घ्यावं तसं कुत्रं घेतात लोक.

२० जानेवारी

जनावरांच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. डॉ. स्वप्ना, माझ्या प्रांजलपेक्षाही लहान असेल. मी विचारलं, कोणतं कुत्रं घेऊ? तिनं उलट मलाच विचारलं, “काका, रोज किती चालता?”

“टेकडीवरच्या चार भिंतीपर्यंत. कधी अजिंक्यताऱ्यावर.”

“रोज?”

“रोज.”

तिनं एकदा माझ्या पोटाकडं पाहिलं. “पूर्वी किती चालत होता ते नाही विचारत मी. आत्ताचं सांगा. कुत्र्याला आत्ताच्या माणसाबरोबर राहायचंय.”

मी म्हणालो, आत्ताचंच सांगतोय. मग तिनं समजावलं. हस्की इथल्या उन्हात नको. लॅब्रेडॉरला हिंडवलं नाही तर तो नुसता सुजतो. मी म्हणालो, आमच्या धनगरांकडं असतं तसं उंच, बारीक कमरेचं कारवानी घेतलं तर? ती म्हणाली, “छान कुत्रं. आपल्या हवेतलं, आजारपण कमी. पण काका, त्याला रोज मोकळं पळायला लागतं. ते नाही मिळालं तर घर फाडतं, नाहीतर स्वतःचेच पाय कुरतडत बसतं. फ्लॅटमध्ये बसणाऱ्या माणसाचं ते कुत्रं नाही.”

घरी येताना सगळा रस्ता विचार केला. माझ्या आत्ताच्या सवयीप्रमाणं बघायला गेलं तर मला मांजरच पाळावं लागेल. मग सवय बघून कुत्रं कशाला घ्यायचं? कुत्रं बघून सवय लावायची. तीस वर्षं पोरांचं असंच केलं, आधी मैदानावर उभं करायचं, पळायला ती आपोआप लागतात.

४ फेब्रुवारी

कुंडलहून आलो. धाकटा भाऊ बिरदेव दर वर्षी मेंढ्या घेऊन माण तालुक्यातून इकडं उतरतो. यंदा कुंडलला ऊस तुटलेल्या एका रानात बसला होता. आमच्यातलं मेंढरांमागं हिंडणारं आता तेवढं एकच घर उरलंय. मी शिकलो आणि शिट्टी घेतली, त्यानं काठी घेतली.

कुत्रं त्यानंच दाखवलं. वर्ष-दीड वर्षाचं, मातकट रंग, छाती खोल, कंबर मुठीत मावेल एवढी. नाव बिजल्या. बांधाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत कधी आलं ते कळलंच नाही. माझ्या अंगावर काटा आला. असं पळणारं मी शाळेत सगळ्या नोकरीत एकच पोरगं पाहिलं होतं.

बिरदेवचं मन होत नव्हतं. “दादा, ह्ये पळनारं हाय. ह्येला बांधून घालनार का तू?”

“मी पळवीन त्याला.”

“तू?” असं म्हणून तो हसला, मग मी मोठा भाऊ आहे हे आठवून त्यानं हसू आवरलं. म्हणाला, “न्हे. पन येक ध्यानात ठिव. आपल्या आबांची रीत तुला ठावं हाय. येकदा कुनाच्या दारात बांधलं की ते कुत्रं कळपाचं ऱ्हात न्हाई. बाकीची कुत्री त्येला फाडत्यात, आन मेंढरं बी बुजत्यात. परत आनायचं न्हाई.”

मी म्हणालो, परत कशाला आणतोय. त्यानं कुत्र्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि दोरी माझ्या हातात दिली. राणीही बरोबर आली होती, येताना ती टेम्पोत मागं बसली. घरी पोचेपर्यंत कुत्र्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं, पण स्वयंपाकघरात शिरलं तर बघा, असं तिनं मला बजावलं.

१८ फेब्रुवारी

चार भिंतीपर्यंत रोज! मी, अर्जुना, टपरीवर न थांबता. टपरीवाल्यानं काल विचारलं, सर गावाला गेलेला का?

वर पोचलो की दोरी सोडतो. बिजल्या उतारावर नाहीसा होतो, शिट्टी मारली की परत येतो. सात-आठ वेळा. खाली शहर धुक्यात असतं आणि मला वाटतं की निवृत्ती वगैरे सगळं खोटं आहे, आत्ता मागून पोरं येतील.

राणी त्याच्यासाठी वेगळी भाकरी थापते. तो स्वयंपाकघरात झोपतो.

१७ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. चालणाऱ्या माणसाला लिहायला वेळ नसतो, असं लिहिणार होतो, पण ते तितकं खरं नाही. सकाळचं मी करतो. संध्याकाळी मला पाय उचलत नाहीत, म्हणून राणी त्याला खाली नेते. तिचे गुडघे दुखतात, तरी नेते. बिजल्या तिला ओढत नाही. मला मात्र असा ओढतो की खांदा निखळतो.

आज गंमत झाली. फिरून आलो तर राणी दारातच माझ्या पायाकडं बघत उभी. “दुसरी चप्पल कुटं हाय?” खरंच, एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठं पडली, पत्ताच नाही. किती वेळ अनवाणी चाललो असेन कोण जाणे. मी लय हसलो. राणी हसली नाही. पायाला काही समजलं न्हाई का, म्हणून दोनदा विचारलं. तळवे दाखवा म्हणाली. मी म्हणालो, मेंढपाळाचे तळवे आहेत, त्यांना काय होतंय. आता बूटच घालत जाईन.

९ एप्रिल

उजव्या बुटात बाभळीचा काटा घुसला होता. बूट काढला तेव्हा दिसला, तळातून आरपार येऊन आत बोटभर वर. मोजा रक्तानं चिकटलेला. म्हणजे त्या काट्यावर मी सगळी फेरी मारली आणि मला पत्ता नाही. पूर्वी पोरांना सांगायचो, दुखत नाही तोवर काही झालेलं नाही. तेच खरं. अजिबात दुखत नाहीये.

राणीला सांगितलं नाही. ती लगेच प्रांजलला फोन करेल, प्रांजल सांगलीहून येईल, डॉक्टर चालणं बंद करतील. चालणं बंद झालं की माझं काय राहिलं? परत पेपर आणि टपरी. हळद लावली.

२१ एप्रिल

जखम भरतेय असं वाटतं. दुपारी गॅलरीतल्या कॉटवर पाय सोडून बसलो की बिजल्या येतो आणि चाटतो. चाटू देतो. लहानपणी मेंढरांच्या तळावर एखादीला काटा-बिटा लागला की आई मेंढीचा पाय कुत्र्यापुढं धरायची. कुत्र्याच्या जिभेला औषध असतं म्हणायची. आणि मेंढ्या बऱ्या व्हायच्या, मी डोळ्यानं पाहिलंय. तो चाटतो ते मला जाणवत नाही, इतकी त्याची जीभ हलकी आहे. रोज जेवण झालं की आता तो स्वतःच येऊन कॉटपाशी बसतो. एखाद्या दिवशी मी मोजा काढला नाही तर दातानं धरून ओढतो. लबाड.

घरातही मोजे घालतो. राणीनं विचारलं, एप्रिलात मोजे? फरशी गार लागते म्हणालो. ती माझ्या पायाकडं बघून निघून गेली.

४ मे

बिजल्याला इंजेक्शन द्यायला डॉ. स्वप्नाकडं नेलं. तो टेबलावर उभा राहीना, सारखा खाली उतरून माझ्या उजव्या बुटाला नाक लावत होता. तिनं ते पाहिलं. “काका, पायाला काय झालंय?”

“बूट चावलाय जरा.”

“साखर आहे तुम्हाला?”

“नाही.”

“वास येतोय,” ती हळू म्हणाली. “मी जनावरांची डॉक्टर आहे, पण हा वास मला कळतो. आज संध्याकाळच्या आत कुणालातरी दाखवा. आणि याला पायापाशी येऊ देऊ नका.”

दाखवीन म्हणालो. जनावरांच्या डॉक्टरनं माणसाला तपासायचं, आता एवढंच बाकी होतं. हल्ली फेरी कोपऱ्यापर्यंतच होते, अंगात कणकण आहे. उन्हाळा यंदा वाईट आहे. बिजल्याला पळायला मिळत नाही, त्यानं दाराच्या चौकटीचं लाकूड कुरतडून टाकलंय. उद्या नेतोच.

११ मे

अंगठा काळा पडलाय. बुटाचा रंग उतरला असेल. थंडी वाजते. झोपून राहतो.

१९ मे, सांगली

हॉस्पिटलात आहे. प्रांजलनं डायरी आणून दिली. उशाशी बसून ती मोबाइलवर कुणाकुणाला तेच तेच सांगत असते, म्हणून एकदा माझ्या हातानं लिहून ठेवतो.

दुपारची वेळ होती. ताप होता. गॅलरीतल्या कॉटवर झोपलो होतो, राणी भाजी आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा फरशीवर रक्त होतं आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा नव्हता. बिजल्या कॉटपाशीच होता. राणीला बघून त्यानं शेपूट हलवलं. तिनं किंकाळी फोडली तेव्हा मी जागा झालो आणि विचारलं, काय झालं?

मी झोपेत होतो. मला काही कळलं नाही. सगळे कुत्र्याचं बोलतात, या गोष्टीचं कुणी बोलत नाही.

इमारतीत गर्दी जमली. राजवर्धन म्हणाला, त्याला माणसाचं रक्त लागलंय, आता कुणालाही धरेल. कुणीतरी काठी आणली. राणीनं कुत्र्याला बाथरूममध्ये कोंडलं आणि दाराला पाठ लावून बसली. प्रांजलच्या सांगण्यावरून मला गाडीत घालून इकडं सांगलीला आणलं, राणी आली नाही. दार सोडून आली नाही. प्रांजलला तिचा अजून राग आहे.

२० मे

काल लिहिता लिहिता थांबलो. राहिलेलं आज लिहितो, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

इथं आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, पाय वाचत नाही, गुडघ्याखाली काढावा लागेल. प्रांजल सही करायला गेली तेवढ्यात फोन आला. बिरदेव होता, साताऱ्यातून, आमच्या फ्लॅटमधून. लोकांनी बोलावून घेतला होता त्याला.

“दादा, काय करू? लोकं आयकंनात. वैनी दार सोडंना. म्हनती, त्यो चावला न्हाई, जखम आदीची असंल, त्यास्नी इचारा. आदीची हुती का रं जखम?”

मागून राणीचा आवाज येत होता, काय म्हनत्यात, काय म्हनत्यात.

मी म्हणालो, नव्हती.

तो म्हणाला, “मग न्हेतो मी.”

“ने,” म्हणालो.

बिरदेव कुठं नेणार, कसं नेणार, ते मला विचारायची गरज नव्हती. रक्ताची चव लागलेल्या कुत्र्याचं आबा काय करायचे ते आम्ही दोघांनी एकत्रच पाहिलेलं आहे.

२३ मे

पाय गेला, हे अजून लिहिलेलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी फेरीवर असताना पट्टी बघितली. प्रांजल औषधं आणायला खाली गेली होती. ते म्हणाले, “ही जखम महिन्याभराची होती. कुत्र्यानं खाल्लं ते आधीच मेलेलं मांस होतं. त्यानं खाल्लं नसतं तर तुम्ही अजून घरीच पडून राहिला असता आणि आज इथं नसता.” मुलीला हे सांगू नका, मी म्हणालो. त्यांनी खांदे उडवले आणि पुढच्या कॉटकडं गेले.

म्हणजे माझा जीव त्यानं वाचवला. आज दिवसभर हेच वाक्य डोक्यात आहे. जेवण गेलं नाही.

३० मे

बिरदेव भेटायला आला. खुर्ची दिली तरी बसला नाही, टोपी हातात धरून उभा राहिला. राणी पण होती, परवापासून तीही सांगलीतच आहे. तिनं आधी विचारलं, “भावजी, बिजल्या कुटं हाय?”

“कळपात सोडला, वैनी.”

“घेतला का बाकीच्यांनी?”

“घेतला की. खेळतोय.” तो माझ्याकडं बघून बोलत नव्हता. राणीनं दोन्ही हात जोडून डोळे मिटले. बरं झालं, मोकळ्या रानात गेला, म्हणाली. मला तिथं ओरडावंसं वाटलं. मी पाणी मागितलं.

जाताना बिरदेव जवळ वाकला आणि हळूच म्हणाला, “आबा पुरायचे त्या जागंलाच पुरला, दादा.” मग पाया पडायला वाकला. सवयीनं दोन्ही हात पुढं केले आणि एका जागी चादरच होती, तसे ते परत घेतले.

१४ जून

प्रांजलच्या घरी. राणी रोज विचारते, बिरदेवचा फोन आला का, बिजल्या खातोय का. खातोय म्हणतो. काल सांगितलं, लांडगा हाकलला त्यानं. कुठून सुचलं माहीत नाही. ती एवढी खूश झाली की शेजारणीला जाऊन सांगितलं. आज ती म्हणाली, लांडग्यानं ओरबाडलं तर नाही ना? मला त्याचंही उत्तर तयार करावं लागलं.

२ जुलै

वॉकर घेऊन दारापर्यंत गेलो. जखम भरली की जयपूर फूट बसवू म्हणतात. प्रांजल मोबाइल घेऊन आली, त्यावर कुत्र्यांचे फोटो होते. पॉमेरेनियन, शित्झू. “पप्पा, हे बसून असणाऱ्या माणसांसाठी चांगले असतात. मांडीवर बसतात, फिरवावं लागत नाही. तुमचा वेळ जाईल.”

माझ्या हातात कप होता, तो फेकला. लागला नाही कुणाला. प्रांजल रडली, जावयानं काच उचलली. राणी म्हणाली, “तेस्नी त्येंचंच कुत्रं पायजे.” तिला वाटलं मी बिजल्यासाठी झुरतो.

१८ ऑगस्ट

बिरदेवच्या नातवाचं जावळ होतं, म्हणून आज माणात गेलो. मी नको म्हणत होतो. राणीनं ऐकलं नाही. गाडी ठरवली तिनंच. पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, फडक्यात वेगळ्या बांधल्या. कुणासाठी ते विचारायची सोय नव्हती. वाटेत मी दोनदा सांगायला तोंड उघडलं. पहिल्या वेळी ड्रायव्हर पुढं होता. दुसऱ्या वेळी काही कारण नव्हतं.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, मेंढरं कुटं हायत? माळावर होती, गाडी जवळपर्यंत जात होती. मला उतरता येईना, जमीन दगडांची आणि वॉकर टेकत नव्हता. मी दार उघडं ठेवून बसलो. राणी फडकं घेऊन एकटीच गेली. तिच्या मागं बिरदेव भराभर निघाला, वैनी, वैनी करत, पण तिच्यापाशी पोचल्यावर तो तिथंच उभा राहिला.

तिनं हाक मारली. बिजल्या. मग मोठ्यानं. बिजल्या, ये रं. माळावर वारा होता तरी मला ऐकू येत होतं. कळपाची तीन-चार कुत्री भुंकत आली, तिच्यापासून लांब थांबली. ती हाका मारतच राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. एकदा तिनं बिरदेवकडं पाहिलं, आणि तो खाली बघतोय हे पाहिल्यावर तिनं हाक मारायचं थांबवलं. मग तिनं फडकं सोडलं आणि ती भाकरी तुकडे करून त्या दुसऱ्या कुत्र्यांना घातली. घाई केली नाही. सगळी संपल्यावर फडकं झाडलं, घडी केली आणि गाडीत येऊन बसली.

ड्रायव्हर लांब तंबाखू मळत उभा होता.

“तुमास्नी ठावं हुतं,” ती म्हणाली.

“व्हय.”

“जखम आदीची हुती.”

“व्हय. मीच त्याला रोज चाटायला द्यायचो.”

“मी इचारलं हुतं तवा.” तिचा आवाज चढला नव्हता. “एक शब्द सांगितला असता तर मी मेले असते पन त्येला न्हेऊ दिलं नसतं. तुमचा पाय गेला म्हनून काय झालं? मी फिरवलं असतं की त्येला.”

“तेच मला बघवलं नसतं,” मी म्हणालो.

इतकं खरं मी तिच्याशी जन्मात बोललो नव्हतो, आणि आता त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. तिनं हात लांब करून माझ्या बाजूचं दार ओढून लावलं आणि ड्रायव्हरला हाक मारली. दहिवडीत तिनं गाडी थांबवायला लावली, पाण्याची बाटली घेतली आणि माझ्या दुपारच्या गोळ्या काढून दिल्या. पुढं घर येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती.